देवीचा नैवेद्य आणि माझी थांबलेली पाळी

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी आता बरी आहे. आजारपणाच्या लेखांत वाचणाऱ्याला शेवटपर्यंत टांगून ठेवतात, त्याचा मला फार राग येतो. मी स्वतः आजारी होते तेव्हा असे लेख शोधून काढायचे आणि आधी तळाशी जाऊन लिहिणारी जिवंत आहे ना, एवढं बघून घ्यायचे. तर मी जिवंत आहे. वीस वर्षांची आहे, झाशीतच कॉलेजात शिकते, आणि घरातले म्हणतात की मी पूर्वीपेक्षा जास्त भांडते.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी माझ्या शरीराचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. काय चाललंय ते मला कळत नव्हतं, घरात कळत नव्हतं, आणि डॉक्टरांना कळायलाही वेळ लागला. तेव्हा मला फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: माझं शरीर परत माझ्या ओळखीचं होणार की नाही? ते उत्तर मिळेपर्यंतचं हे सगळं आहे. अशाच गोंधळात सापडलेली एखादी मुलगी किंवा तिची आई हे वाचेल म्हणून लिहिते आहे.

माझं मराठी घरात ऐकून झालेलं आहे, शाळेत शिकून नाही. आमचे पूर्वज पेशवाईत पौरोहित्य करायला इकडे आले आणि इकडचेच झाले. बडा बाजारच्या एका गल्लीत खाली बांगड्यांचं दुकान आणि वर आम्ही. जिना उतरला की हिंदी आणि बुंदेली, जिना चढला की मराठी. लिहिलेलं आईला दाखवलं. तिने चुका काढल्या, त्यातल्या काही मी हट्टाने तशाच ठेवल्या आहेत.

आमच्या घरची रीत

आधी आमची देवी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. घरात देवी आहे आणि तिला रोज सोवळ्यातला नैवेद्य लागतो. म्हणजे आंघोळ करून मुकटा, सोवळ्याचं रेशमी वस्त्र, नेसायचा, कुणाला शिवायचं नाही, कुणी आपल्याला शिवायचं नाही, तसंच रांधायचं आणि देवीला दाखवायचं. मग बाकीच्यांची पानं. हे सगळं आत्याच्या ताब्यात होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, लग्न न केलेली, बारीक अंगाची आणि मोठ्या धाकाची. आई इलाइट चौराह्याच्या पलीकडे सरकारी कचेरीत काम करते, ती सकाळीच निघून जायची. बाबा रेल्वेत.

मग आत्याचे गुडघे गेले. ओट्याशी उभं राहणं तिला जमेना. आईला ऑफिस, शिवाय तिची पाळी त्या वर्षांत कधीही यायची. उरले मी. नववीत जाताना मला मुकटा मिळाला आणि मी शाळेआधी वरण, भात, एक भाजी आणि वाटीभर खीर करायला शिकले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरात त्या वेळी माझा शब्द चालायचा. बाबासुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून विचारायचे, "रेवती, आत येऊ का?" आणि मी म्हणायचे, "नका येऊ."

अडचण एवढीच की मला अडचण यायची. आमच्याकडे पाळीला अडचणच म्हणतात. मग चार दिवस स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, आणि आत्या कण्हत कण्हत ओट्याशी. त्या चार दिवसांत मला तिचा एकेक उसासा ऐकू यायचा आणि माझाच काही अपराध असल्यासारखं वाटायचं.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधी एकदा अडचण आली, आणि मग आलीच नाही.

पहिल्यांदा चुकली तेव्हा मला आनंद झाला. दुसऱ्यांदा आत्याच्या लक्षात आलं आणि तिला माझ्याहून जास्त आनंद झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने आलेल्या बायकांना माझ्यादेखत सांगितलं, "दिवाळी गेली, मार्गशीर्षातले गुरुवार गेले, पोर एकदाही बाजूला बसली नाही. देवीनेच मोकळी केली हो तिला." त्यावर एक बाई म्हणाल्या, "नशीब लागतं त्याला." मी तिळगूळ वाटत होते. माझी मान ताठ झाली होती.

आज हे लिहिताना मला अजूनही उलगडत नाही. त्या खोलीत किती शहाण्यासुरत्या बायका होत्या. पंधरा वर्षांच्या मुलीची पाळी येत नाही हे सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. आईसुद्धा घरातच होती, पण ती त्या वेळी आत चहा ओतत होती. आईला वाटायचं, मुलीचं काय ते वन्सं बघतात. आत्याला वाटायचं, आईला सगळं माहीत असणारच, आई आहे ती. आणि मला वाटायचं की काही बिघडलं असतं तर या दोघींपैकी कुणीतरी बोललंच असतं.

पहिलवान

थंडीत आवाज बसला. सगळ्यांचाच बसतो. आत्याने ज्येष्ठमधाची कांडी दिली, लोणचं बंद केलं, हळद घालून दूध सुरू केलं. सर्दी गेली, आवाज काही वर आला नाही. उलट जास्तच खाली गेला. शाळेत हजेरीला "येस मैम" म्हटलं की मागच्या बाकांवरून हसू यायचं. मग मी नुसता हात वर करायला लागले.

चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, तशा वर्गात अनेकींना होत्या. पण ओठावर आणि हनुवटीखाली केस यायला लागले, ते कुणाला नव्हते. मी बाबांचं रेझर घ्यायचे आणि धुऊन जागच्या जागी ठेवायचे. अंगाचा आकारही बदलत होता. छाती भरायची ती ओसरायला लागली, जुने कपडे खांद्यात घट्ट आणि पुढे सैल व्हायला लागले. ही गोष्ट मी कुणाकडेही बोलले नाही. बोलणार कुठल्या शब्दांत?

आणि गंमत म्हणजे माझ्यात ताकद आली. पाण्याची भरलेली बादली मी एका हाताने जिन्यावरून वर आणायचे. डब्याचं घट्ट झाकण कुणाला उघडेना झालं की माझ्याकडे यायचं. बाबा म्हणायचे, "वा, पहलवान!" मला ते ऐकायला बरं वाटायचं आणि लगेच वाईट वाटायचं. एकाच वेळी दोन्ही. त्या वर्षभरात मला कुठलीही भावना एकेकटी आलेली आठवत नाही.

माझी मैत्रीण एकदा शाळेच्या नळाशी हळूच म्हणाली, "रेवती, बुरा मत मानना. तू लड़का बन रही है क्या?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ती खरंच विचारत होती. तोच प्रश्न मलाही पडला होता. मी खरोखर मुलगा झाले तर सोवळ्याचं काय होणार, असा विचार मी घरी येताना करत होते. मग आत्या माझी मुंज करायला लावेल का, आणि या वयात डोक्याचा गोटा केला तर मी किती वाईट दिसेन. त्या विचाराने मला हसू आलं आणि बड्या बाजारात भर गर्दीत, एका मसाल्याच्या दुकानासमोर, रडूही आलं.

आईचा फोन

होळी होऊन गेली होती. आत्या दुपारची आडवी झाली होती आणि तिचा मोबाइल वाजला, म्हणून मी उचलला. ऑफिसातून आई बोलत होती. मी म्हटलं, "हॅलो."

पलीकडून आईचा परक्या माणसाशी बोलतानाचा आवाज आला. "भैया, आप कौन? ये फोन तो हमारी ननद का है."

मी म्हटलं, "आई, मी आहे."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "रेवती?"

रोज समोर असताना तिला तो आवाज ऐकू येत होता, पण माझ्या तोंडाकडे बघत ऐकल्यामुळे तिच्या कानाला तो माझाच वाटत होता. फोनमध्ये तोंड नव्हतं. ती अर्धी रजा टाकून ई-रिक्षाने घरी आली, चप्पल न काढता मला गॅलरीत उजेडात नेलं आणि माझी हनुवटी वर केली. त्या दिवशी मी दाढी केली नव्हती. दाढी हा शब्द मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. आईने अंगठ्याने माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिच्यासाठी पाणी आणायला गेले तर म्हणाली, "कुठे जाऊ नकोस, इथेच थांब."

डॉक्टरांकडून डॉक्टरांकडे

त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. घशाच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि म्हणाले की घसा ठीक आहे, बच्चों के डॉक्टर को दिखाइए. तिथून आम्ही बायकांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पिछला पीरियड कब आया था, बेटा?"

मी म्हटलं, "दिवाली से पहले."

बाहेर उन्हाळा लागला होता. मॅडमनी बोटांवर महिने मोजले. आई त्यांच्यासमोरच मराठीत म्हणाली, "काय?"

घरी आल्यावर जे झालं ते मला विसरता येत नाही. आईने कधी आत्याला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. ती देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन म्हणाली, "वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

आत्या म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे."

"मला कोण सांगणार?"

"अगं पण त्यात सांगायचं काय? चांगलंच तर चाललं होतं. देवीची कृपा म्हणून मी..."

"कृपा नाही वन्सं. पोर आजारी आहे."

आत्याने समोरच्या निरांजनाची वात सारखी केली. मी दोघींच्या मधे उभी होते आणि मला कुणाची बाजू घ्यावी तेच कळत नव्हतं. कारण चांगलंच चाललं आहे, असं मलाही वाटत होतं.

मॅडमना आधी वाटलं, हल्ली पुष्कळ मुलींचे हॉर्मोन वरखाली होतात, तेच असेल. चालायला जा, गोड कमी करा. मी इतकी खूश झाले की परतताना आईकडून समोसा मागून घेतला. पण त्यांनी रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्टच्या दिवशी प्रयोगशाळेतून बाबांना फोन आला, "सर, सैंपल बदल तो नहीं गया? ये तो जेंट्स वाला लग रहा है." परत रक्त दिलं, परत तेच आलं. मग मॅडमनी आईला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "कोई पाउडर-वाउडर तो नहीं लेती? जिम वाला? डरो मत, किसी को नहीं बताऊँगी." मी म्हटलं, "मॅडम, मी वरणभात खाते." घाबरल्यावर माझ्या तोंडून मराठीच येतं. त्या हसल्या, पण लगेच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला लागल्या.

सोनोग्राफीला पोटभर पाणी पिऊन बसवतात. मी पोटुशा बायकांच्या रांगेत पाय आवळून बसले होते. एकीच्या सासूने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि जागा बदलली. आत पोटावर गार जेल लावून डॉक्टर मशीन फिरवत होते आणि मदतनीस बाईंशी क्रिकेटबद्दल बोलत होते. एका जागी हात थांबला आणि बोलणंही थांबलं. त्यांनी तीच जागा परत परत बघितली. मग म्हणाले, "मम्मी को बुलाइए."

उजव्या अंडाशयात गाठ होती. मॅडमनी कागदावर दोन गोल काढले आणि एकात काळं भरलं. "ये गाँठ मर्दाना हॉर्मोन बना रही है. सब गड़बड़ इसी की है. निकाल देंगे. दूसरी तरफ वाली ठीक दिख रही है."

मी विचारलं, "मैं लड़की हूँ ना?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तू लड़की ही थी, लड़की ही है."

तुम्हाला विचित्र वाटेल, पण पोटात गाठ आहे ऐकून मला हायसं वाटलं. इतके महिने जे माझ्यात होत होतं ते मी नव्हते, कुणी दुसरंच करत होतं, आणि त्याला आता नाव होतं. तेवढ्यात आईने विचारलं, "कैंसर तो नहीं?" मॅडम म्हणाल्या, काढून तपासायला पाठवल्याशिवाय सांगता येणार नाही. माझं हायसं वाटणं तिथल्या तिथे संपलं. बाहेर आलो तर आई रिक्षावाल्याला घरचा पत्ताच सांगू शकेना. मी सांगितला.

घरातले दिवस

बाबांनी ऑफिसात अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. आईने माझ्या शाळेत हर्नियाचं सांगितलं. आत्याने खालच्या बांगडीवाल्या काकांना दृष्ट लागली म्हणून सांगितलं. त्यामुळे गल्लीत मला तीन आजार झाले होते आणि रोज कोणी ना कोणी वेगळ्याच आजाराची चौकशी करून जायचं.

बाबा एकदा आईला म्हणाले, "बायकांच्या डॉक्टरांचं नाव काढू नकोस कुठे. उद्या लग्नाच्या वेळी लोक काढतील." आई म्हणाली, "ती जगली तर लग्न." मी दाराआड होते. जगली तर, हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मी कॉटवर जाऊन पडले आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात वेडेवाकडे विचार येत होते. एक मोठ्ठा विचार मरणाचा आणि त्याच्या शेजारी अगदी क्षुल्लक विचार, की वार्षिक परीक्षेची फी भरून झाली आहे, ती वाया जाईल.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या फळीवर एक नवं रेझर होतं, गुलाबी मुठीचं, कागदाच्या वेष्टनात. बाबांनी आणलं होतं. म्हणजे त्यांना पूर्वीपासून माहीत होतं की त्यांचं कोण वापरतं. मला त्यांचा राग आला होता, तो त्या रेझरने पुष्कळसा उतरला.

वॉर्ड

ऑपरेशन झाशीतच झालं. मला बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली, त्यामुळे आजूबाजूला सगळ्या बाळंतिणी. भेटायला येणारे पेढे घेऊन यायचे आणि चुकून मलाही द्यायचे. शेजारच्या खाटेवर बरुआसागरची एक बाई होती, पहिलटकरीण, माझ्याहून फार मोठी नसावी. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न मला तिनेच विचारला, "काए बिन्नू, तुमाए का भओ? मोड़ा कै मोड़ी?" म्हणजे मुलगा झाला की मुलगी.

मी म्हटलं, "गाँठ."

मग तिने गाठोड्यातून आल्याचा मोठा तुकडा काढला. त्यांच्याकडे आल्याची शेती आहे. चहात घालून घे म्हणाली. मला तर पाणीसुद्धा बंद होतं, पण मी घेतला.

सकाळी झाडू, मग टेंपरेचर, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढायचे, तेव्हा मला सगळ्यात भीती वाटायची. टाके दुखायचे, त्याहून हसणं दुखायचं, आणि खोकला आला की मी उशी पोटाला आवळून धरायचे. आई रात्रंदिवस माझ्याजवळ होती आणि ऑफिसच्या मैत्रिणींशी फोनवर शांतपणे बोलायची. पण माझी वेणी मात्र ती दोन-तीनदा सोडून परत घालायची.

एका दुपारी शेजारचं बाळ रडून रडून निळं झालं. त्याची आजी चहाला गेली होती आणि त्याच्या आईला उठवत नव्हतं. मी माझ्या खाटेवरूनच त्याला म्हटलं, "क्या हुआ रे? क्यों चिल्लाता है?" ते गप्प झालं. त्याची आई म्हणाली, "तनक फिर सें बोलो बिन्नू." मी परत बोलले. बाळ डोळे उघडून ऐकत राहिलं. मग जाईपर्यंत ती मला हाका मारून बोलायला लावायची, आणि मी त्या पोराला शाळेतला भूगोल सांगायचे. इतक्या महिन्यांत माझ्या आवाजावर कुणी खूश झालं होतं ते पहिल्यांदा.

आत्या एकदाच आली. तसल्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढली असणार. इस्पितळात शंभर जणांचा विटाळ, म्हणून ती वॉर्डाच्या दारातच उभी राहिली. "दुखतंय का गं?" म्हणाली. मी म्हटलं, "थोडं." तिला जवळ यायचं होतं की नव्हतं ते मला कळलं नाही. माझं मलाही कळलं नाही की तिने यावं असं मला वाटत होतं का.

वाट बघणं

गाठीचे काप मोठ्या शहरात तपासायला गेले. ती वाट बघणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. घरात सगळे एकमेकांशी फार गोड बोलायला लागतात, त्यावरूनच कळतं की सगळे घाबरले आहेत.

रिपोर्ट आला. गाठ चांगल्यातली म्हणता येत नव्हती, पण ती जागच्या जागी होती, फुटली नव्हती, कुठे पसरली नव्हती. पुढची औषधं नकोत, फक्त ठरावीक काळाने रक्त आणि सोनोग्राफी. बाबा दवाखान्याच्या बाहेर एका झाडाखाली उभे राहून रडले. मला वाटलं होतं की मीही रडेन, पण मला नुसती भूक लागली.

मॅडमनी सांगितलं की केस हळूहळू कमी होतील. आवाजाचं सांगता येत नाही, राहूही शकतो. "और देखो, जिस दिन पीरियड आए, उस दिन मुझे बताना. तब समझेंगे कि दूसरी ओवरी ने काम सँभाल लिया."

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर आता त्या एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. ते आलं तर माझं शरीर परत माझं. नाही आलं तर पुढे काय, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

उन्हाळा सरला, पाऊस लागला. रक्तातला तो मर्दाना हॉर्मोन उतरला होता, पुटकुळ्या सुकल्या होत्या. पण पाळी नाही. पूर्ण बरी होईपर्यंत आत्या मला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. ओट्याशी स्टूल ठेवून, एका हाताने कट्टा धरून, ती एकटी नैवेद्य करायची. आई म्हणायची, "वन्सं, साखरेचा दाखवा, देवी काही रागवत नाही." आत्या ऐकायची नाही. आणि देवीची आरती झाली की मान न वळवता मला विचारायची, "आली का?" मी म्हणायचे, "नाही." रोज. मला कधी तिची दया यायची, कधी तिच्या अंगावर भांडं फेकावंसं वाटायचं. तिने लवकर सांगितलं असतं तर, हा विचार मी पुष्कळ दिवस चघळला. मॅडमना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, लवकर कळलं असतं तर आवाज इतका उतरला नसता कदाचित. त्यांचा तो 'कदाचित' अजून माझ्याकडे आहे.

आयांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलीला विचारा. घरात दुसरं कुणी बघत असेल असं धरून चालू नका. पाळी थांबली आहे, आवाज जाड होतो आहे, केस वाढताहेत, असं एकदम दिसलं तर वयाचा खेळ म्हणून सोडू नका, बायकांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. बहुतेकींच्या बाबतीत भलतंसलतं काही निघत नाही. माझ्यात निघालं, आणि वेळेत निघालं. आणि मुलींनो, रेझर लपवत बसू नका. ते सगळ्यांना माहीत असतं.

श्रावणातला शुक्रवार

आमच्याकडे श्रावणी शुक्रवारी देवीला पुरणाचा नैवेद्य असतो आणि सवाष्ण जेवायला असते. पुरण वाटणं आत्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी तिने नाइलाजाने मला मुकटा काढून दिला. सवाष्ण म्हणून आईच्या ओळखीच्या एक बाई आल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत आईशी बोलत होत्या. मी डाळ शिजवली, पुरण वाटलं, कटाची आमटी उकळली. सगळ्या भांड्यांना माझा हात लागला होता. आत्या स्टुलावर बसून पोळ्या लाटत होती.

मी उभी होते आणि मला कळलं. पोटात ती जुनी, ओळखीची कळ आली. मी न्हाणीघरात जाऊन बघितलं. खात्री होईना म्हणून परत बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. मला हळू बोलायचं होतं, पण माझ्या आवाजात आता हळू असं काही उरलेलं नाही. "आत्या, मला पाळी आली."

बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. आई धावत आली आणि दारातच थबकली, कारण आत्या सोवळ्यात होती.

आत्याने लाटणं खाली ठेवलं. ओट्याचा आधार घेत ती स्टुलावरून उतरली, पिठाच्या हातांनीच माझ्याकडे आली, आणि तिने मला मिठीत घेतलं. घट्ट. आठवतं तेव्हापासून सोवळ्यात तिने कुणाला बोटही लागू दिलं नव्हतं. माझ्या मानेवर तिचं ओलं तोंड टेकलं होतं आणि तिची हाडं माझ्या छातीला टोचत होती.

आई म्हणाली, "वन्सं, अहो, शिवलात तिला. सगळा स्वयंपाक..."

"शिवले," आत्या म्हणाली. "परत आंघोळ करते. परत रांधते."

त्या सवाष्ण बाईही दारात येऊन उभ्या होत्या. मी आत्याला म्हटलं, तुझे गुडघे दुखतील, एवढं पुरण परत कसं करणार. ती मला सोडायलाच तयार नव्हती.

"दर महिन्याला येऊ दे गं बाई," ती म्हणाली. "दर महिन्याला मी दोनदा रांधीन."